पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत अभ्यासाच्या तासांबद्दलच जास्त विचारलंय. किती तास बसावं, पहाटे बसावं की रात्री, क्लास लावावा की घरीच करावा. मी कोल्हापुरात चौतीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. तासांचा प्रश्न माझ्या लेखी दुसरा. पहिला प्रश्न हा, की आपल्याला काय येतंय आणि काय येत नाही, हे मुलाचं मुलाला कळतं का? आपापल्या शब्दांत ज्यांनी हेच विचारलंय अशी चार पत्रं आज घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण ते पत्र घरोघरचं आहे.

*

"बाई, माझा मुलगा दहावीत आहे. पहाटे पाचला उठतो, मीच चहा करून देते. मोबाईल माझ्या ताब्यात असतो, त्यामुळे बसतो ते खरंच बसतो. पुस्तकातली एक ओळ पांढरी राहिलेली नाही, सगळ्या पिवळ्या आणि गुलाबी करून ठेवल्यात. विचारलं की म्हणतो, 'झालंय गं आई, सगळं येतंय.' सहामाहीत विज्ञान भाग एकचा पेपर देऊन आला तेव्हा म्हणाला, 'लई भारी गेला, पस्तीसच्या खाली येत नाहीत.' चाळीसपैकी एकोणीस आले. मार्कांचं वाईट वाटलंच, पण त्या दिवशी तो रडला ते बघवलं नाही. म्हणाला, 'मला खरंच वाटलं होतं, येतंय म्हणून.' त्याचे वडील म्हणतात, खोटं बोलतोय, नुसता पुस्तक धरून बसतो. मला तसं वाटत नाही."
— एक आई, मंगळवार पेठ

ताई, तो खोटं बोलत नाही. एवढं वाक्य आधी त्याच्या वडिलांना वाचून दाखवा, पुढचं नंतर वाचा.

त्याला खरोखरच येतंय असं वाटत होतं. फसवणूक झाली ती त्याचीच. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे ओळीवरून सरसर पुढे जातात, कुठे अडखळत नाहीत, पुढे काय येणार तेही माहीत असतं. या सोपेपणालाच मन 'येतंय' असं नाव देतं. पण ओळखीचं वाटणं निराळं आणि आठवणं निराळं. महाद्वार रोडवर रोज समोरून येणारा एखादा माणूस आपण लांबून ओळखतो. त्याचं नाव काय, राहतो कुठे, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. तुमच्या मुलाची 'प्रकाशाचे अपवर्तन' या धड्याशी अशीच तोंडओळख झालेली आहे. परीक्षेत चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात.

याच्यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो मी वर्गात दरवर्षी सांगत असे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोघांनी २००६ साली तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत वाचून काढला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते, सुमारे ८३ टक्के आठवत होतं. लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांच्या हाती ४० टक्के उरलं होतं आणि लिहिणाऱ्यांच्या हाती ६१. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र आणखी वेगळी वाटते. आठवड्याने तुम्हाला किती आठवेल, असं आधीच विचारलं होतं, तेव्हा नुसतं वाचणाऱ्यांनाच स्वतःबद्दल जास्त खात्री होती. तुमच्या मुलाचे पस्तीस आणि एकोणीस यांच्यामधलं अंतर इथून येतं.

माझं माहेर पंचगंगेकाठचं. लहानपणी आमच्या काकांच्या गुऱ्हाळावर दिवाळीनंतरचे दिवस जायचे. काहिलीत रस उकळत असायचा, जळव्या चुलवाणात चिपाड सारत असायचा आणि गुळव्या काहिलीपाशी उभा. त्याच्याकडे तापमापक नव्हता. पुढे शिकले तेव्हा कळलं, की गूळ उतरवायची वेळ साधारण ११८ अंश सेल्सिअसला येते. गुळव्या काय करायचा, तर पाकाचा थेंब काहिलीतून बाहेर काढून गार पाण्यात टाकायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघायचा. गोळी वळली नाही की हात झटकून पुन्हा काहिलीकडे. लवकर उतरवला तर गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही. उशीर झाला तर करपून काळा होतो. मी एकदा विचारलं होतं, काहिलीत बघून कळत नाही का? तो म्हणाला, "काहिलीत सगळाच पाक झाल्यागत दिसतोय, पोरी. गार पाण्यात टाकल्याबिगर कळत न्हाई."

तुमच्या मुलाचं उघडं पुस्तक म्हणजे ती काहील आहे. त्यात सगळं झाल्यागत दिसतं. थेंब बाहेर काढून गार पाण्यात टाकायचा, म्हणजे पुस्तक मिटायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग स्वतःला विचारायचं. हा 'थोडा वेळ' सोडू नका. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की शब्दांच्या जोड्या पाठ केल्याबरोबर लोकांना विचारलं, की हे तुम्हाला पुढे आठवेल का, तर त्यांचा अंदाज बराच चुकतो. तोच प्रश्न थोड्या वेळाने, उत्तर झाकून विचारला की अंदाज कमालीचा बरोबर येतो. पाठ केल्या केल्या सगळं जिभेवर असतंच, त्याने काही सिद्ध होत नाही.

आज संध्याकाळी असं करा. पहाटे वाचलेल्या धड्यातला प्रश्न रात्री जेवण झाल्यावर विचारा, पुस्तक तुमच्या हातात ठेवून. तुम्ही विज्ञान शिकलेल्या नसलात तरी चालेल. 'अपवर्तन म्हणजे काय' असली व्याख्या विचारू नका, ती त्याला घडाघडा येईल. विचारा, तारे लुकलुकतात, मग ग्रह का लुकलुकत नाहीत? त्याने 'वातावरणामुळे' म्हटलं तर म्हणा, वातावरण तर दोघांनाही सारखंच आहे. इथे तो अडकेल. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूतून आल्यासारखा असतो, म्हणून हवेच्या थरांतल्या अपवर्तनात जरासा बदल झाला तरी तो कमीजास्त दिसतो. ग्रह जवळ असतो, त्याच्याकडून अनेक बिंदूंतून प्रकाश येतो आणि ते चढउतार एकमेकांत मिसळून जातात. ही दुसरी पायरी त्याच्या पुस्तकात आहे. त्याने ती गुलाबी रंगवलेलीही असेल. ती डोक्यात आहे का, हे त्याला स्वतःला त्या क्षणी कळेल, आणि ते तुम्ही रागावून कळण्यापेक्षा फार चांगलं.

मग त्याला एक वही करू द्या, साधी शंभर पानी. धडा झाला असं वाटलं की त्यावर स्वतःची परीक्षा घेण्याआधी 'दहापैकी इतके येतील' हे लिहायचं, मग झाकून सोडवायचं, मग तपासून खरे आकडे त्याच ओळीत लिहायचे. सुरुवातीला अंदाज आठ आणि खरे चार असं येईल. मार्क काय पडले यापेक्षा दोन आकड्यांमधलं अंतर कमी होतंय का, ते बघायचं. माझ्या वर्गात हे अंतर बुजायला बहुतेकांना दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा वेळ लागायचा.

गणिताबद्दल एक गोष्ट, कारण तिथेही तो हेच करत असणार. महत्त्वमापनात आधी शंकूची दहा गणितं, मग वृत्तचितीची दहा, मग शंकूछेदाची दहा. ओळीने दहा सोडवली की हात चालतो, वाटतं जमलं. अमेरिकेत रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली घनफळांच्याच गणितांवर हा प्रयोग केला. एका प्रकारची सलग गणितं सोडवणाऱ्यांची सरावातली ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाल्यांची २० टक्के आणि मिसळणाऱ्यांची ६३. परीक्षेत वर कुणी लिहून देत नाही, की हे शंकूचं गणित आहे. कोणतं सूत्र वापरायचं हे ओळखणंच निम्मं काम असतं, आणि सलग सरावात तेवढंच राहून जातं. म्हणून चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, येईल ती काढून सोडवायला सांगा.

एक धोका सांगून ठेवते. पहिले पंधरा दिवस त्याला आपला अभ्यास बिघडला असंच वाटेल. आधी तासाला दोन धडे 'व्हायचे', आता अर्धाही होणार नाही. तो म्हणेल, बाईंचं ऐकून मागे पडलो. तेव्हा वडिलांनी पाठीशी उभं राहायला हवं. घरी आल्यावर 'किती तास बसलास' याच्याऐवजी 'आज कुठे अडलास' एवढं त्यांनी विचारलं, तरी माझं या पत्राचं उत्तर पोचलं असं समजेन. रंगीत पेनं काढून घेऊ नका. रंगवायचंच असेल तर झाकून परीक्षा झाल्यावर, जे आलं नाही तेवढंच रंगवायचं.

*

"बाई, मी भुदरगड तालुक्यातला. शाहूपुरीत खोली करून राहतो, अभ्यासिकेत जागा घेतलीय. राज्यसेवेचं हे तिसरं वर्ष. घरी चार म्हशी आहेत, दुधाच्या बिलातून माझी फी आणि मेसचे पैसे येतात. दर महिन्याला वेळापत्रक करतो, सकाळी इतिहास, दुपारी राज्यघटना, रात्री चालू घडामोडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतं. मग वाटतं, आपल्यात शिस्तच नाही. पुन्हा नवं करतो. पूर्व परीक्षेत दोन्ही वेळा थोडक्यात गेलं, आणि दोन्ही वेळा जी उत्तरं शंभर टक्के बरोबर वाटली होती त्यांतली बरीच चुकली. आई-वडिलांना तोंड दाखवावंसं वाटत नाही."
— अभ्यासिकेतला एक, शाहूपुरी

दादा, पत्राच्या शेवटच्या ओळीचं आधी बोलते. गावाकडे जा, या रविवारीच जा. ज्या घरातून बिलाचे पैसे येतात त्या घराला तुमचं तोंड बघायचं असतं.

आता वेळापत्रक. तुमच्यात शिस्त नाही हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्यात शिस्त नाही तो तीन वर्षं दर महिन्याला नव्याने उभा राहत नाही. चुकतो तो अंदाज. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ही हुशार, शेवटच्या वर्षाला पोचलेली मुलं होती. काम किती वेळ खाईल हे ठरवताना आपण सगळं सुरळीत चाललंय असं धरून चालतो. त्यात ताप नसतो, वीज जात नाही, मित्राच्या बहिणीचं लग्न नसतं.

तेव्हा महिन्याचं वेळापत्रक भिंतीवरून काढा आणि फक्त उद्याचं लिहा. प्रत्येक कामापुढे 'एवढा वेळ लागेल' असं लिहा, रात्री त्याच्यापुढे 'एवढा लागला' लिहा. दोन आठवड्यांत तुमचा तुम्हाला हिशेब लागेल. समजा, तुमच्या एका तासाचे नेहमी पावणेदोन होतात, तर पुढची आखणी पावणेदोननेच करायची, लाज न बाळगता. वेळापत्रक मोडतं तेव्हा नवं काढण्यात एक समाधान असतं, काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि मोडलं का ते बघायचं राहून जातं. बॅरी झिमरमन हे अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ. स्वतःचा अभ्यास स्वतः हाकणाऱ्या विद्यार्थ्याचं काम त्यांनी एका चक्रासारखं मांडलं : करण्याआधी ठरवणं, करताना लक्ष ठेवणं, झाल्यावर मागे वळून बघणं, आणि त्या बघण्यातून पुन्हा ठरवणं. तुमच्या चक्राचा तिसरा आरा गळालाय. दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास, रंकाळ्यावर बसून का होईना, मागचा आठवडा वाचा. काय मोडलं, कोणत्या वेळेला मोडलं. दुपारी जेवल्यावर राज्यघटना रोज मोडत असेल तर दोष तुमचाही नाही आणि राज्यघटनेचाही नाही. ती सकाळी न्या.

'शंभर टक्के बरोबर वाटलेली उत्तरं चुकली' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते आहे. चुकीच्या उत्तराला जिथे गुण कापतात तिथे काय येत नाही हे माहीत असण्याला थेट गुण असतात. सराव पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहा. पक्कं असेल तर 'प', दोन पर्यायांत अडून एक निवडलं असेल तर 'अ', नुसतं ठोकलं असेल तर 'ठ'. तपासताना तिन्हींची बेरीज वेगळी करा. 'ठ' चुकले तर चुकू देत, ते अपेक्षितच होते. चुकलेल्या 'प'ची यादी मात्र वेगळ्या वहीत, तारखेसकट. ते तुमच्या डोक्यात चुकीचं पक्कं बसलेलं आहे, आणि कितीही वाचलंत तरी ते आपोआप निघणार नाही, कारण तिथे आल्यावर तुम्ही 'हे येतंय' म्हणून पुढे जाता. मला वाटतं, तुमचे थोडक्यात गेलेले गुण त्या यादीत सापडतील. तुमच्या गावच्या दूध संस्थेत दूध किती घट्ट दिसतं यावर दर ठरत नाही, प्रत्येक वेळी फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, बघतात. वडील ते रोज दोन वेळा करून घेतात. तुम्ही वर्षातून एकदा, आयोगाकडून करून घेताय.

आणि एकटे बसू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहिली. माझे वडील अशाच एका बोर्डिंगमध्ये राहून शिकले. ते सांगायचे, रात्री जेवण झालं की कंदील मध्ये ठेवून मुलं एकमेकांना प्रश्न विचारायची, आणि ज्याला उत्तर आलं नाही त्याने दुसऱ्या दिवशी तोच विषय सगळ्यांना समजावून सांगायचा असा त्यांचा नियम होता. तुमच्या अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या असतील आणि चाळीस जण कानांत बोंडं घालून बसलेले असतील. त्यातले दोघे शोधा, चहाच्या वेळेला दहा प्रश्न तुमचे, दहा त्यांचे.

*

"बाई, मी आठवीत आहे. आमच्या घराखाली माग चालतात, त्यामुळे मला मोठ्याने बोलून अभ्यास करायची सवय लागली. गणित करताना मी 'हे असं का केलं? कारण इथे छेद सारखा हवा होता' असं स्वतःशीच बोलते. शाळेतही तोंडातल्या तोंडात बोलते. मैत्रिणी हसतात, आजी म्हणते वेड लागलंय. सवय मोडू का?"
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

बाळ, अजिबात मोडू नकोस.

मिशेलिन ची नावाच्या संशोधक बाईंनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत १९८९ मध्ये अगदी हेच तपासलं होतं. भौतिकशास्त्राची सोडवून दाखवलेली उदाहरणं थोड्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. ज्यांना पुढे नवी गणितं चांगली सुटली, ते उदाहरणातल्या पायरीपायरीला थांबून 'हे का?' असं स्वतःला समजावत होते. आणि 'इथे मला कळलं नाही' असंही तेच जास्त वेळा म्हणत होते. ज्यांना कमी जमलं ते बहुतेक ठिकाणी 'कळलं, कळलं' म्हणत पुढे गेले होते. म्हणजे तुझ्या बडबडीत 'का' किती वेळा येतो आणि 'कळलं नाही' किती वेळा येतं, तिकडे लक्ष दे. नुसतं पुस्तकातलं वाक्य मोठ्याने म्हणत असशील तर त्याचा एवढा उपयोग नाही.

वर्गात दुसऱ्यांना त्रास होत असेल तर तिथे ओठ मिटून, मनातल्या मनात. घरी मागांच्या आवाजात कितीही मोठ्याने. आणि आजीला एखाद्या दिवशी शेजारी बसवून एक गणित समजावून सांग. तिने 'असं का गं?' म्हणून विचारलं आणि तुला सांगता आलं नाही, तर त्या जागी पेन्सिलीने खूण कर.

*

"बाई, मी पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात बावन्न मुलं आहेत. प्रत्येक घटक झाला की विचारते, 'समजलं का?' सगळी एका सुरात 'होऽऽ' म्हणतात. चाचणीत मात्र निम्म्यांची पाटी कोरी. मुलांनी आपल्या अभ्यासाकडे स्वतः लक्ष ठेवावं असं प्रशिक्षणात सांगतात, पण बावन्न मुलांत ते करायचं कसं, हे कुणी सांगत नाही."
— एक शिक्षिका, पन्हाळा तालुका

तुमचं पत्र वाचून मला माझाच एक वर्ग आठवला, आणि त्यातला एक मुलगा. दोन चाचण्यांत नापास झाला म्हणून मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'अभ्यासात लक्ष नाही.' पालकसभेला त्याची आई पिशवी भरून वह्या घेऊन आली. पुस्तकातला प्रत्येक धडा त्याने तीन-तीन वेळा हाताने उतरवून काढला होता, अक्षर मोत्यासारखं. आई एवढंच म्हणाली, "बाई, लक्ष नसतं तर एवढं लिवलं असतं का त्यानं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अभ्यास कर असं आम्ही त्याला सात वर्षं सांगत आलो होतो, अभ्यास म्हणजे काय करायचं हे कुणीच दाखवलं नव्हतं. मी तो शेरा खोडला आणि त्याच्या आईसमोर त्याची क्षमा मागितली. ते वाक्य मी लिहिलं होतं याचं दुःख मला आजही आहे.

'समजलं का?' याला मुलं जे 'होऽऽ' म्हणतात, ते तुम्हाला खूश करायला म्हणत असतील असं समजू नका. त्यांना समजलंय असंच वाटत असतं. एलन मार्कमन यांनी १९७७ साली पहिली ते तिसरीच्या मुलांना एका पत्त्यांच्या खेळाचे नियम सांगितले, त्यातला महत्त्वाचा भाग मुद्दाम गाळून. लहान मुलं म्हणाली, समजलं. पत्ते हातात घेऊन खेळायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की काहीतरी राहिलंय. 'मेटाकॉग्निशन', म्हणजे स्वतःच्या विचाराबद्दलचा विचार, हा शब्द सत्तरच्या दशकात रुजवणारे जॉन फ्लॅवेल यांनाही छोट्या मुलांत हेच दिसलं होतं : पाठ होईपर्यंत बघत राहा म्हटलं, की बघायची, 'झालं' म्हणायची आणि विचारल्यावर बहुतेक वेळा झालेलं नसायचं. मोठ्या मुलांचं 'झालं' बरंच खरं निघायचं. म्हणजे आपल्याला काय कळलंय हे कळणं ही शिकायची गोष्ट आहे, वयाबरोबर आणि सरावाने येणारी. सातवीचं वय तिला अगदी योग्य.

म्हणून 'समजलं का' हा प्रश्नच सोडून द्या. तास संपायच्या आधी पाच मिनिटं फळ्यावर एक छोटं गणित घाला, पुस्तकं मिटलेली, प्रत्येकाने चिठ्ठीवर सोडवायचं. बावन्न चिठ्ठ्या मधल्या सुट्टीत बघून होतात. बरोबर, चूक आणि कोरी असे तीन गठ्ठे करायला मला दहा मिनिटं पुरायची. त्यावरून उद्याचा तास ठरवायचा.

दुसरी गोष्ट मी शेवटची सोळा-सतरा वर्षं केली. चाचणीचा पेपर देण्याआधी प्रत्येकाने वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'मला इतके पडतील' हे लिहायचं. पेपर परत देताना त्या आकड्याशेजारी मी लाल शाईने खरे गुण लिहायची. बोलायची काही नाही. ज्यांना कमी पडायचे त्यांचे अंदाज सहसा सगळ्यात फुगलेले असायचे, आणि पहिल्या नंबरच्या मुली मात्र स्वतःला दोन-तीन गुण कमीच देऊन ठेवायच्या. दोघांशीही बोलावं लागतं, पण वेगवेगळं. अंदाजाला गुण कधी देऊ नका आणि तो वर्गात वाचून तर मुळीच दाखवू नका. मग मुलं भीतीने शून्य लिहितात किंवा तुम्हाला आवडेल ते लिहितात. मी एका वर्षी छापील तक्ता दिला होता, 'मला समजले, थोडे समजले, समजले नाही' अशा चौकटींचा. पहिल्या आठवड्यापासून सगळ्या खुणा पहिल्या चौकटीत. तो तक्ता मी बंद केला. झाकून सोडवल्याशिवाय मुलाने कुठलीच खूण करायची नाही, हे त्यातून शिकले.

तुमचा वर्ग पहिले काही दिवस गप्प बसेल. 'होऽऽ' नाही, काहीच नाही. त्या शांततेला घाबरून पुढचा घटक घेऊ नका. एखाद्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणेल, "बाई, मला दुसरी पायरी न्हाई कळली." त्या मुलाला तिथल्या तिथे फळ्याजवळ बोलवा, खडू त्याच्या हातात द्या आणि दुसरी पायरी त्याच्याबरोबर सगळ्यांसाठी पुन्हा करा, कितीही वेळ लागला तरी. तसं म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, हे उरलेली एक्कावन्न मुलं बघत असतात.